क्रूझवर फॉर्मल नाइटला नटायचं का, आणि नटायचं तर काय घालायचं: पैठणीपासून नेहरू जॅकेटपर्यंत सगळं

परवा रात्री साडेदहाला परभणीहून नणंदेचा फोन. वहिनी, आमचं सिंगापूरच्या क्रूझचं पक्कं झालं, दिवाळीनंतर चाललोत, पण एजंटनं व्हॉट्सॲपवर लिस्ट पाठवलीय आणि त्यात एका रात्री जेवायला लेडीजला गाउन, जेंट्सला सूट कंपल्सरी असं लिहिलंय, आता मी परभणीत गाउन कुठून आणू, आणि आमच्या सासूबाई तर ते ऐकल्यापासून मी येतच नाही म्हणायलेत.

मला एकदम दोन वर्षांपूर्वीचं आठवलं. आम्हालाही अशीच लिस्ट आली होती. आम्ही सहा जण होतो, सिंगापूरहून पेनांग, फुकेत करून परत, चार रात्री. दुसऱ्या रात्री फॉर्मल नाइट होती, आणि माझ्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यभर साडीशिवाय दुसरं काही अंगाला लावलं नाही, त्या म्हणल्या तुम्ही जा खाली जेवायला, मी वर बुफेतच खाते काहीतरी, उगं माझ्यामुळं तुम्हालाही आत सोडायचे नाहीत. आम्हीही लिस्ट वाचलेली, त्यामुळं कुणी जोर केला नाही. खाली गेलो तर शेजारच्याच टेबलावर एक तमिळ आजी, कांजीवरम नेसलेली, केसात गजरा, निवांत सूप पीत बसलेल्या. मी हेड वेटरला विचारलं साडी चालते का, तो म्हणला मॅडम, साडी म्हणजे फॉर्मलच आहे. मी तशीच उठून वर गेले. आई खिडकीपाशी एकट्या बसल्या होत्या, दही-भात संपलेला, प्लेट पुढं सरकवून बाहेरच्या अंधारात बघत होत्या.

ते मला अजून टोचतं, म्हणून नणंदेला फोनवर जे सांगितलं ते सगळं इथं सविस्तर लिहायले. माझं संभाजीनगरला सिडकोत ब्लाऊज शिवायचं आणि फॉल-पिकोचं काम आहे, त्यानंतर एकदा मुंबई-गोवा क्रूझही झाली, आणि आता गिऱ्हाइकांपैकी कुणी क्रूझला निघालं की ब्लाऊज टाकायला येताना हाच प्रश्न घेऊन येतं. संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, कुठूनही निघणार असाल तरी हे उपयोगी पडेल.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. नटा. पण आपल्याच कपड्यात नटा, एका रात्रीसाठी नवा गाउन किंवा सूट अजिबात घेऊ नका, आणि घरातल्या एखाद्याला खरंच नटायचं नसेल तर त्या रात्री सगळ्यांनी मिळून दुसरीकडं जेवा. कपड्यांपायी एक माणूस टेबलावरून कमी होता कामा नये.

फॉर्मल नाइट म्हणजे नेमकं काय

जहाजावर जेवायच्या जागा बऱ्याच असतात. एक मोठा डायनिंग हॉल, त्याला मेन डायनिंग रूम म्हणतात, तिथं टेबलावर बसून मेनूकार्डावरून ऑर्डर द्यायची, हे तिकिटातच आलेलं असतं. दुसरं वरच्या डेकवरचं बुफे, तेही तिकिटात. मग वेगळे पैसे देऊन जायची छोटी रेस्टॉरंट. शिवाय पिझ्झा, कॉफी वगैरे. फॉर्मल नाइटचा नियम मुख्यतः त्या मोठ्या डायनिंग हॉलचा असतो, काही जहाजांवर वेगळ्या पैशांच्या रेस्टॉरंटलाही. बुफेला नसतो. म्हणजे त्या रात्री तुम्ही साध्या ड्रेसवर किंवा जीन्स-टीशर्टवर असलात तरी उपाशी राहायची वेळ कुठल्याच जहाजावर येत नाही, अन्न तेवढंच आणि कधीकधी तेच.

ही पद्धत जुन्या काळची आहे, इंग्लंडहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बोटींवर पहिल्या वर्गाचे लोक रात्री जेवणासाठी वेगळे कपडे करायचे, तेच चालत आलं. आता बहुतेक कंपन्यांनी ते बरंच सैल केलंय. पण आपल्याकडं माहिती पोचते ती जुनी, आणि एजंट तीच लिस्ट वर्षानुवर्षं फॉरवर्ड करत राहतात.

पहिलं काम: आपली कंपनी कोणती आणि रात्री किती ते बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण कंपनीगणिक नियम बदलतो. एजंटचं ऐकू नका, त्याला कंपनीच्या वेबसाइटवरचं ड्रेस कोडचं पान लिंकसकट पाठवायला सांगा आणि स्वतः वाचा. इंग्रजी जड वाटलं तर घरातल्या कॉलेजच्या लेकराकडून वाचून घ्या, पण मूळ पानच वाचा.

मला माहिती आहे ते थोडक्यात असं. मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियाचं जहाज एम्प्रेस, १९९० साली बांधलेलं, २०२१ पासून आपल्याकडं चालतंय, त्यावर निम्म्याहून जास्त लोक आपल्यासारखेच, साडी, कुर्ता, पंजाबी ड्रेस सगळीकडं दिसतो, तिथं या विषयाचं टेन्शनच घेऊ नका, फक्त रात्री डायनिंगला पोहायच्या कपड्यात किंवा बनियनवर जायचं नाही एवढं. सिंगापूरहून आपले लोक बहुतेक रॉयल कॅरिबियननं जातात, त्यात तीन-चार रात्रींच्या ट्रिपला साधारण एक नटायची रात्र असते, आणि त्या रात्री सूटवाले कमी, नुसता इस्त्रीचा फुल शर्ट घातलेलेच जास्त, हे मी डोळ्यानं बघितलंय. कार्निव्हलवाले त्याला एलिगंट नाइट म्हणतात, दोन ते पाच दिवसांच्या ट्रिपला एक, सहा दिवसांपासून पुढं दोन. प्रिन्सेसवर सात रात्रींना दोन, आणि तिथं लोक खरंच नटतात.

सगळ्यात कडक क्युनार्ड, ती क्वीन मेरी २ वाली. त्यांच्याकडं गाला इव्हिनिंग असते, संध्याकाळी सहानंतर पुरुषांना काळा डिनर जॅकेट किंवा डार्क सूट-टाय, आणि फक्त डायनिंग हॉलच नाही, जहाजाच्या बऱ्याच भागात तोच नियम, साध्या कपड्यात असाल तर बुफे आणि ठरावीक एकदोन जागांवरच बसायचं. पण त्याच क्युनार्डच्या नियमात आपापल्या देशाचा फॉर्मल पोशाख चालतो असंही लिहिलेलं आहे. म्हणजे जिथं सगळ्यात कडक तिथंही पैठणी आणि बंदगळा बसतो. हे वाक्य मी नणंदेला दोनदा वाचून दाखवलं.

उलट टोकाला नॉर्वेजियन, त्यांनी २००० सालीच फ्रीस्टाइल म्हणून सक्तीच काढून टाकली, वाटलं तर नटा नाहीतर राहू द्या. सेलिब्रिटीनं २०१५ च्या शेवटी फॉर्मल नाइट बंद करून त्याजागी ‘इव्हिनिंग शिक’ नावाचा थोडा हलका नियम आणला. व्हर्जिनच्या जहाजांवर तर भानगडच नाही.

आणि कोणती रात्र ते कसं कळणार? पहिली रात्र नसते सहसा, कारण तेव्हा कित्येकांच्या बॅगाच खोलीत पोचलेल्या नसतात. मोठ्या ट्रिपला बहुतेक ज्या दिवशी जहाज दिवसभर समुद्रातच असतं त्या रात्री ठेवतात. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा खोलीत रोज येणाऱ्या प्रोग्रामच्या कागदावर वरच लिहिलेलं असतं.

दुसरं काम: घरात सगळ्यांना बसवून विचारा

हे लोक करतच नाहीत आणि मग जहाजावर गेल्यावर चिडचिड होते. निघायच्या महिनाभर आधी सगळे एकत्र बसा आणि एकेकाला सरळ विचारा, तुला त्या रात्री नटायला आवडेल का. कुणाला लई हौस असते, आमच्या मोठीला होती. कुणाला अंगावर जड कपडा सहन होत नाही, आमच्या ह्यांना होत नाही. म्हाताऱ्या माणसांना मनातून भीती असते की आपण शोभणार नाही, आणि ती भीती ते वेगळ्याच शब्दांत सांगतात, मला भूकच नसते रात्री, माझे पाय दुखतात, तुम्ही जा. असं काही कानावर आलं की समजून घ्या की प्रश्न कपड्याचा आहे. त्यांना आत्ताच सांगा की तुमची ती लग्नातली साडीच चालते, तीच घालायचीय. निघायच्या आधी सांगितलं की माणूस मनानं तयार होतो, जहाजावर ऐनवेळी सांगून उपयोग होत नाही हे मी अनुभवलंय.

सगळे हो म्हणले तर पुढं वाचा. एकाला नाहीच म्हणायचं असेल तर त्या रात्री सगळे बुफेला, आणि हौस असलेल्यांनी नटूनच बुफेला जावं, जेवण झाल्यावर खाली फोटो काढावेत, शो बघावा. नटून बुफेला गेलेलं चालतं.

बायकांचं: साडीच नेसा, पण जहाज हलतं हे धरून

आपल्या पैठणला पैठणी विणली जाते, आपल्या शहरात हिमरूचं सुती-रेशमी कापड विणलं जातं, आणि आपण सॅटिनचा गाउन शोधत फिरायचं हे मला पटतच नाही. गाउन वाईट म्हणत नाही, ज्या पोरीला हौस आहे तिनं खुशाल घालावा. पण ज्या बाईला साडीत मोकळं वाटतं तिनं पहिल्यांदाच गाउन घालून हलत्या जहाजावर जिना उतरू नये.

साडी निवडताना तीन गोष्टी बघा. वजन, पदर आणि खालचा घेर.

हातमागाची पैठणी असेल तर तिच्यावर जरीचं जड काम असतं, दोन तास जेवणात खांद्यावरून घसरत राहते, म्हणून पदर आतून ब्लाऊजला दोन पिनांनी पक्का करा, पिन जरीत न टोचता रेशमाच्या भागात टोचा आणि पिनेखाली छोटा कापडाचा तुकडा ठेवा म्हणजे भोक मोठं होत नाही. खरी हातमागाची आहे का सेमी, म्हणजे यंत्रमागावरची, हे कळत नसेल तर पदर उलटा करून बघा, हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही समोरच्यासारखीच दिसते, मोकळे दोरे लोंबत नाहीत. सेमी असेल तर उलट क्रूझला तीच न्या असं मी म्हणेन. दिसायला तेवढीच भारी, वजनाला हलकी, आणि सूप सांडलं तरी जीव जात नाही. आजेसासूबाईची जुनी पैठणी मात्र घरीच ठेवा, समुद्रावरची दमट खारी हवा जुन्या जरीला चांगली नाही.

निऱ्या नेहमीपेक्षा अर्धा इंच वर घ्या. जहाज हललं की पाय आपोआप फाकवून टाकावा लागतो आणि साडी पायात येते. फॉलला पिको पक्की आहे का निघण्याआधी बघून घ्या, कारण तिथं उसवली तर कुणी दुरुस्त करून देत नाही, सुई-दोरा पर्समध्ये असू द्या. चप्पल सपाट किंवा रुंद टाचेची. पेन्सिल हिल नको, डेकच्या लाकडी फळ्यांच्या फटीत अडकते.

ब्लाऊज पूर्ण बाहीचं किंवा कोपरापर्यंतचं शिवा. त्या डायनिंग हॉलचा एसी फार थंड असतो, आपल्याकडं मे महिन्यात ४२ डिग्रीत राहणाऱ्या माणसाला तर दातावर दात आपटतात. त्यासाठी हिमरूची शाल न्या. सुती ताणा आणि रेशमी बाणा असल्यामुळं ती हलकी असूनही ऊब देते, साडीवर पण शोभते आणि गाउनवर पण. फक्त तिच्या उलट्या बाजूला धागे मोकळे तरंगते असतात, ते बांगडीत नाहीतर अंगठीत अडकले की ओढले जातात, म्हणून ती घेणार असाल तर नक्षीच्या बांगड्या काढून साध्या घाला.

नऊवारी नेसणाऱ्या आज्यांनी नऊवारीच नेसावी, जहाजावर चालायला तिच्यासारखी सोयीची साडी नाही. पंजाबी ड्रेस पण चालतो, थोडा भरजरी, ओढणी पिन करून. तरुण पोरींना अनारकली छान दिसतो आणि बॅगेत कमी जागा घेतो.

सोनं नेऊ नका. एक तर खोली लहान, तिजोरी असते पण रोज काढघाल, आणि परदेशाच्या ट्रिपला परत येताना कस्टमवाल्यानं विचारलं तर हे आपलंच जुनं सोनं आहे हे दाखवावं लागतं, त्यासाठी जातानाच विमानतळावर कस्टमकडून तसं सर्टिफिकेट करून घ्यायचं असतं. एवढं करण्यापेक्षा मंगळसूत्र अंगावर आणि बाकी एक ग्रॅमचं किंवा मोत्याचं. ठुशी, मोत्याचे कानातले, झालं. पैठणीवर मोती तसेही जास्त खुलतात.

पुरुषांचं

इथं सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. माझ्या बहिणीचे मिस्टर, आमचे दाजी, आमच्यासोबत होते, त्यांनी त्या एका रात्रीसाठी नवा ब्लेझर घेतला, घाईत घेतला त्यामुळं काखेत आवळ, जेवताना हात पुढं नेता येईना, अर्ध्या तासात काढून खुर्चीला लावला आणि उरलेली रात्र नुसत्या शर्टावर बसले. कुणी काही म्हणलं नाही. तो ब्लेझर त्यानंतर एकदाही अंगावर चढला नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. लग्नातला सूट किंवा बंदगळा कपाटात असेल तर महिनाभर आधी काढून घालून बघा, खाली बसून बघा, हात पुढं करून बघा. कमरेत कमी पडत असेल तर शिलाईत आत मार्जिन ठेवलेली असते, टेलर दीड-दोन इंच सोडून देतो. तो नसेल तर डार्क फुल पँट, पांढरा किंवा फिकट फुल शर्ट, वरून नेहरू जॅकेट. हे जॅकेट घरोघरी आहे, लग्नसराईत घेतलेलं असतंच, आणि माझ्या नजरेला ते भाड्याच्या कोटापेक्षा शंभर पटीनं चांगलं दिसतं. शेरवानी पण चालते, आपल्या भागात निजामाच्या काळापासून शेरवानी आहे, लई भरजरी नवरदेवाची नको, साधी एका रंगाची. हिमरूच्या कापडाचं जॅकेट मिळालं तर काय सांगावं, पण खरं हातमागाचं हिमरू विणणारे आता शहरात फार थोडे उरलेत, दुकानात नीट विचारून घ्या.

बूट पाहिजेत, पायमोज्यांसकट. स्पोर्ट शूज त्या रात्री बरे दिसत नाहीत. चप्पल-सँडलवर मात्र दारातच अडवू शकतात. कुर्त्यावर कोल्हापुरी घालणाऱ्यांनी एकदा आधी विचारून घ्यावं, काही ठिकाणी पायाची बोटं उघडी नकोत म्हणतात.

गावाकडचे आजोबा सोबत असतील, धोतर-नेहरू शर्ट-टोपीवाले, तर तेही तसेच येऊ देत, फक्त स्वच्छ परीटघडीचे. नियमात टोपी नको असं लिहिलेलं असतं ते क्रिकेटच्या टोपीबद्दल असतं, तरी पहिल्याच रात्री हेड वेटरला सांगून ठेवा की आमचे वडील डोक्यावर टोपी ठेवतात, म्हणजे ऐनवेळी दारात बोलाचाली होत नाही आणि म्हाताऱ्या माणसाचा अपमान होत नाही.

लेकरांचं फार मनावर घेऊ नका. वाढदिवसाचा फ्रॉक, शर्ट-पँट, बास. भूक लागल्यावर लेकरू रडायला लागलं तर भारी कपड्याचा काही उपयोग नाही, त्यांना आधी बुफेत खाऊ घाला.

पॅकिंग: इस्त्री नेऊ नका

हे ठळक लक्षात ठेवा. कपड्यांची इस्त्री आणि वाफेचं ते छोटं यंत्र, दोन्ही बहुतेक सगळ्या जहाजांवर बंदी आहे, आगीच्या भीतीनं. मी नेली होती छोटी इस्त्री, चढताना बॅग स्कॅन झाली, बॅग खोलीत आलीच नाही, तासभर शोधाशोध, मग कळलं सिक्युरिटीकडं जमा आहे, जाऊन सही करून बॅग आणली, इस्त्री शेवटच्या दिवशी परत मिळाली. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तसंच होतं. प्रिन्सेस, क्युनार्डच्या जहाजांवर प्रवाशांसाठी लाँड्रीची खोली असते तिथं इस्त्री मिळते, रॉयल कॅरिबियनवर तशी सोय नाही, कपडा द्यायचा आणि इस्त्रीचे पैसे बिलात.

म्हणून घडीच अशी घाला की इस्त्री लागू नये. पैठणी जुन्या मऊ सुती धोतरात किंवा मलमलीत गुंडाळा, घडीच्या मध्ये जुन्या सुती ओढणीची गुंडाळी ठेवा म्हणजे कडक घडी पडत नाही. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. जॅकेट आतली बाजू बाहेर करून खांद्यात खांदा घालून ठेवा. खोलीत गेल्या गेल्या सगळ्यात आधी फॉर्मल कपडे काढून हँगरला लावा. सिंथेटिक ड्रेस असेल तर बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर पाच मिनिटं सोडून दार लावून तिथं टांगा, चुण्या जातात. पैठणीला मात्र हा प्रयोग करू नका, आणि तिच्यावर सेंट पण मारू नका, जरीचं काम काळं पडतं.

कपाट एवढंसं असतं, चार माणसांचे कपडे मावत नाहीत. एक युक्ती सांगते, खोलीच्या भिंती बहुतेक लोखंडी पत्र्याच्या असतात, चुंबकाचे हुक नेले तर भिंतीला चिकटतात, त्यावर साडी, जॅकेट, ओढण्या सगळं टांगता येतं. चार-सहा हुक न्या.

अजून एक. बंदरावर मोठी बॅग त्यांच्याकडं द्यायची असते आणि ती खोलीत संध्याकाळी, कधी रात्री येते. म्हणून एक बरा जोड, औषधं आणि लेकरांचे कपडे हातातल्या बॅगेत. आपण नांदेडहून नाहीतर जालन्याहून रात्रभर रेल्वेनं मुंबईला जाणार, तिथून लगेच बंदर किंवा विमानतळ, अंगावरचे कपडे तोवर चोळामोळा झालेले असतात, त्याच कपड्यात पहिल्या रात्री जेवायला बसायची वेळ येऊ नये.

त्या संध्याकाळी

डायनिंगच्या दोन वेळा असतात साधारण, एक साडेपाच-सहाची, दुसरी आठच्या आसपास. बुकिंग करतानाच आठची मागा. आपल्याला सहाला भूक नसते, आणि बाहेरून फिरून आल्यावर चार जणांनी एका बाथरूममध्ये तयार व्हायला वेळ लागतो. आरसा एकच. आम्ही असं केलं की पुरुष आणि लेकरं आधी तयार होऊन बाहेर गेले, मग बायकांनी दार लावून निवांत साड्या नेसल्या. एवढ्याशा खोलीत निऱ्या घालताना पलंगावर उभं राहू नका, जहाजानं एक हेलकावा दिला की तोल जातो.

शाकाहारी जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, जैन असेल तर तेही, आणि पहिल्या रात्री वेटरला परत सांगा, ते पुढच्या रात्रीचं भारतीय जेवण आदल्या दिवशी विचारून ठेवतात. ताटाभोवती काटे-चमचे मांडलेले असतात ते बाहेरून आत वापरत यायचं, एवढंच शास्त्र. पोळी-नान हातानंच खा. नॅपकिन मांडीवर पसरा, आणि पैठणी असेल तर वेटरकडून दुसरा मागून घ्या, एक मांडीवर, एक पदराच्या बाजूला.

ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी डॉक्टरला विचारून आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा फायदा होत नाही, आणि त्या गोळीनं झोप येते हे धरून चाला.

फोटो जेवणाच्या आधी. त्या रात्री जिन्यापाशी पडदे लावून जहाजाचे फोटोग्राफर उभे असतात, काढून घ्यायला पैसे नाहीत, प्रिंट घेतली तर पडतात आणि बरेच पडतात. आवडला तर एक सगळ्यांचा एकत्र घ्या, बाकी आपले मोबाइल आहेतच. उघड्या डेकवर फोटोला जाणार असाल तर पदर कमरेला खोचूनच जा, वाऱ्याला तिथं फार जोर असतो, माझा पदर पिनेसकट उडून मागच्या माणसाच्या तोंडावर गेला होता.

आमच्या आईंचं पुढं काय झालं ते राहिलंच. तिसऱ्या रात्री साधी कॅज्युअल नाइट होती, बाकीचे लोक चौकड्याचे शर्ट घालून आलेले. आईंनी हिरवी पैठणी नेसली, मी निऱ्या घालून दिल्या, ह्यांनी नेहरू जॅकेट घातलं, आणि आम्ही सहाही जण एका टेबलावर जेवलो. गरजेपेक्षा जास्त नटलात म्हणून जहाजावर कुणीच अडवत नाही. आईंनी त्या दिवशी दोनदा आइस्क्रीम मागवलं आणि वेटरनं खुर्ची ओढून दिली तेव्हा त्याला हात जोडून नमस्कार केला.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा झोपण्यापूर्वी दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे, चपला, औषधं आधी बाजूला काढा, नाहीतर सकाळी सगळं बॅगेत आणि बॅग खाली बंदरावर अशी पंचाईत होते. आणि पैठणी त्या बॅगेत तशीच आठवडाभर पडू देऊ नका. घरी आल्याबरोबर काढून सावलीत दोरीवर दोन तास हवेशीर टाका, मग घडी बदलून, म्हणजे जुन्या घडीच्या रेषा वेगळ्या जागी येतील अशी घालून, मलमलीत बांधून ठेवा.